पेट्रोलची गाडी सीएनजीवर नेताना: खानदेशातल्या गाडीवाल्यांसाठी पायरीपायरीने

पेट्रोलने २०२१ मध्ये शंभरी ओलांडली ती ओलांडलीच. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, राज्याचा व्हॅट आणि पंपचालकाचं कमिशन चढतं. शुल्काची रक्कम लिटरमागे ठरलेली असते, त्यामुळे जगात तेल स्वस्त झालं तरी जळगाव-धुळ्याच्या पंपावरचा दर त्या प्रमाणात उतरत नाही. गुजरातेत पेट्रोलवरचा कर कमी, म्हणून नवापूरकडच्या माणसाला हद्दीपलीकडे टाकी भरणं परवडतं. शिरपूर, रावेर, मुक्ताईनगरकडे उलटी गत आहे, कारण मध्य प्रदेशात पेट्रोल आपल्याहून महाग मिळत आलंय. पण हद्दीपासून ३० किलोमीटर आत राहणाऱ्याने केवळ पेट्रोलसाठी तिकडे जाऊ नये. जाण्यायेण्यातच बचत जळते.

आमचा सल्ला साधा आहे. महिन्याला १,००० किलोमीटरच्या वर चालणारी, इंजिन ठणठणीत असलेली पेट्रोल गाडी असेल तर सीएनजीचा विचार करा. गावातल्या गावात दुचाकी फिरत असेल तर इलेक्ट्रिकचा करा. गाडी महिन्याला ३००-४०० किलोमीटरच चालत असेल तर काहीही बदलू नका. टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बघितले तरी पुरे.

आधी हिशेब

पंपावरच्या दराच्या पाटीवरून काही ठरवू नका. किलोमीटरला किती रुपये पडतात ते काढा. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. असं लागोपाठ तीन वेळा केलं की खरं ॲव्हरेज कळतं. मीटरवर दिसणारा आकडा बऱ्याचदा जास्त असतो.

समजा गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे. किलोमीटरला ७ रुपये पडले. तीच गाडी सीएनजीवर किलोला साधारण २० किलोमीटर देईल, कारण एक किलो सीएनजीमधली ऊर्जा एका लिटर पेट्रोलच्या जवळपास दीडपट असते. सीएनजी ९० रुपये किलो धरला तर किलोमीटरला साडेचार रुपये. बचत अडीच रुपयांची. सिक्वेन्शियल किट (ते काय, हे पुढे येतंय), टाकी, फिटिंग आणि पासिंग मिळून ६० हजार खर्च आला, तर तो २४ हजार किलोमीटरमध्ये वसूल होतो. सकाळी गाडी पेट्रोलवरच सुरू होते आणि अधूनमधून पेट्रोलवर चालवावीही लागते, म्हणून २७ हजार धरा. महिन्याला २,००० किलोमीटर चालणाऱ्याचे पैसे वर्षभरात थोडे मागेपुढे सुटतात, १,००० चालणाऱ्याचे सव्वादोन वर्षांत. या जागी तुमच्या गावचे आजचे दर घाला.

गाडीचं आरसी किती वर्षं उरलंय तेही याच वेळी बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १३ वर्षं झालेल्या गाडीत ६० हजार घालण्यात अर्थ नाही.

पंप कुठे आहे आणि कसला आहे

खानदेशात या प्रश्नाला किटच्या निवडीइतकंच महत्त्व आहे. काही पंपांवर गॅस थेट पाइपलाइनने येतो, तर काही पंपांवर ट्रकवरच्या सिलिंडरच्या जुडग्यातून, ज्याला कॅस्केड म्हणतात. कॅस्केडवाल्या पंपावर जुडगा रिकामा होत आला की प्रेशर उतरतं आणि टाकी २०० बारऐवजी (बार हे दाबाचं माप) १५०-१६० वरच थांबते. पैसे किलोवर जातात, तेव्हा त्यात तुमचं नुकसान नाही, पण पल्ला कमी होतो. किट घेण्याआधी रोजच्या रस्त्यावरच्या दोन पंपांवर सकाळी आणि संध्याकाळी जाऊन विचारा: गॅसचा ट्रक कधी येतो, रांग किती लागते, प्रेशर किती मिळतं. पंप घरापासून २५ किलोमीटर आडवाटेला असेल तर वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडा. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

इंजिन तपासून घ्या

दमलेल्या इंजिनावर सीएनजी बसवला की ते आणखी दमतं. गॅस हवेची जागा खातो, म्हणून ताकद साधारण १० टक्क्यांनी घटते. पेट्रोलवर जेमतेम ओढणारी गाडी मग कन्नड घाटात किंवा कोंडाईबारीला मान टाकते. फिटरकडे जाण्याआधी स्वतःच्या मिस्त्रीकडून हे बघून घ्या:

- कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे इंजिनाचा प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. चारही सिलिंडरच्या आकड्यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी इंजिनाचं काम.
- प्लग आणि कॉइल. गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. नवे प्लग घाला आणि गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. पेट्रोलवर चालून जाणारी अशक्त कॉइल गॅसवर लगेच उघडी पडते.
- कूलंट आणि रेडिएटर. कूलंट पूर्ण हवा, थर्मोस्टॅट चालू हवा. रेडिएटरमध्ये साधं पाणी घालून चालवत असाल तर ते काढून कूलंट भरा.
- टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली बारीक फट. गॅस कोरडा असतो, त्याने व्हॉल्व्ह सीट हळूहळू झिजते आणि क्लिअरन्स कमी होत जातो. आजचा आकडा लिहून ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल गाड्यांना बाजारातलं नेहमीचं किट चालत नाही. बीएस-६ प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाड्यांना किट बसवायची मुभा २०२२ मध्ये मिळाली, पण तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी त्या किटला मंजुरी असली पाहिजे. गाडी वॉरंटीत असेल तर इंजिनाची वॉरंटी जाते, हे धरूनच पुढे जा.

किट आणि टाकी

एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीला सिक्वेन्शियल किटच घ्या. जुनं व्हेंचुरी किट स्वस्त पडतं, पण त्यात गॅस मोजून न जाता ओढला जातो. मिश्रण बिघडलं की इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाते त्या नळीत, फटाक्यासारखा बार होतो आणि एअर फिल्टरचा डबा फुटतो. सिक्वेन्शियलमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असतो आणि गॅसचा ईसीयू (छोटा संगणक) पेट्रोलच्या इंजेक्टरचा सिग्नल वाचून गॅस सोडतो.

दुकानदाराकडून तीन कागद मागा. किटचं मान्यता प्रमाणपत्र (पुण्याची एआरएआय किंवा तिच्यासारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं), टाकीचं पेसोचं प्रमाणपत्र आणि दुकान त्या कंपनीचं अधिकृत फिटर असल्याचा कागद. पेसो म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, मुख्यालय नागपूरला. टाकीवर कोरलेला नंबर आणि प्रमाणपत्रावरचा नंबर स्वतः बोट ठेवून जुळवा. जुन्या गाडीतून काढलेली टाकी रंग मारून विकली जाते. वाचवलेले आठ-दहा हजार पुढे पासिंगला अडकतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कोणत्या अपघातातून ती टाकी निघाली हे कुणालाच माहीत नसतं.

टाकी ६० लिटरची म्हटली तरी ते पाण्याचं माप आहे. तीत प्रत्यक्ष ८ ते ९ किलो गॅस बसतो. लोखंडी टाकीचं स्वतःचं वजन ६० किलोच्या आसपास, म्हणजे डिकी गेली आणि मागे एक माणूस कायमचा बसला असं समजा. मागच्या स्प्रिंग बसलेल्या असतील तर बदला, आणि मागच्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय हवा जास्त ठेवा, पण कंपनीने सांगितलेल्या कमाल आकड्याच्या आत.

फिटिंग होत असताना उभे राहून बघा

गाडी टाकून घरी जाऊ नका. काम एक ते दोन दिवसांचं असतं. निदान या चार गोष्टींच्या वेळी तिथे हजर राहा.

टाकीचं स्टँड: बोल्ट गाडीच्या पत्र्यातून आरपार आणि खालून जाड प्लेट लावून कसलेले हवेत. पत्र्यात घुसवलेले स्क्रू चालत नाहीत. पट्टे किमान दोन, आणि पट्टा व टाकी यांच्यामध्ये रबर. रबर नसेल तर लोखंडावर लोखंड घासून तिथेच गंज धरतो.

व्हॉल्व्हवरची पिशवी: टाकीच्या तोंडाला वेपर बॅग असते आणि तिच्या दोन नळ्या गाडीबाहेर निघतात. व्हॉल्व्ह झिरपला तर गॅस या नळ्यांतून बाहेर जातो, डिकीत साठत नाही. नळ्यांचं तोंड बाहेर उघडं आहे का, चिखल बसेल अशा जागी तर नाही ना, हे खाली वाकून बघा.

हाय प्रेशर पाइप: तो गाडीच्या पोटाखालून जातो. दर दीड-दोन फुटांवर क्लिप हवी, सायलेन्सरपासून किमान १० सेंमी अंतर हवं, आणि गतिरोधकाला घासेल असा कुठेही लोंबता कामा नये. आपल्याकडचे शिवाररस्ते बघता हे फार महत्त्वाचं आहे.

रिड्युसर: टाकीतला २०० बारचा गॅस इथे दोन-अडीच बारवर उतरतो. प्रेशर एवढं उतरलं की गॅस गारठतो, म्हणून रिड्युसरमधून इंजिनाचं गरम कूलंट फिरवतात. या नळ्या उलट्या जोडल्या किंवा कूलंटमध्ये हवा राहिली तर रिड्युसरवर अक्षरशः बर्फ धरतो आणि गाडी बंद पडते.

शेवटी टाकी भरल्यावर प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून घ्या. बुडबुडा आला तर जोड कसायचा आणि पुन्हा लावायचं. काडी ओढून तपासणारा फिटर दिसला तर गाडी तशीच परत न्या.

ट्युनिंग दोन टप्प्यांत होतं. पहिलं गरम इंजिनावर जागेवर, दुसरं रस्त्यावर लॅपटॉप जोडून. दुसरा टप्पा टाळायची बऱ्याच दुकानांना सवय आहे. आग्रह धरा. फ्युएल ट्रिमचे, म्हणजे इंधन किती कमी-जास्त सोडावं लागतंय त्याचे आकडे गॅसवर आणि पेट्रोलवर साधारण सारखे, उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत आले पाहिजेत. नाहीतर महिन्याभरात चेक इंजिनचा दिवा लागतो.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीतला असा बदल १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमती आधी घ्या. एमएच-१९ वाल्यांनी जळगाव, एमएच-१८ वाल्यांनी धुळे आणि एमएच-३९ वाल्यांनी नंदुरबारच्या कार्यालयात गाडी दाखवून आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ करून घ्यायचं. किटचं बिल, वर सांगितलेली तिन्ही प्रमाणपत्रं, आरसी, विमा आणि पीयूसी सोबत ठेवा.

मग विमा. कंपनीला कळवून पॉलिसीत किटची नोंद करा. किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये एवढाच वाढीव हप्ता, अधिक कर. ६० हजारांच्या किटला कर सोडून अडीच हजारांच्या आसपास. हे टाळलं आणि गाडी पेटली तर दावा अडतो.

रोजचं चालवणं

पेट्रोलची टाकी कधीही पाव भागाखाली जाऊ देऊ नका. गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप टाकीत बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. गॅसवर आहोत म्हणून टाकी कोरडी ठेवली की पंप जळतो, आणि तो खर्च कित्येक महिन्यांची बचत खातो. दिवसाचे तीन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवा. घाटात भरलेल्या गाडीने चढताना बटण पेट्रोलवर टाका.

मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा गॅस सकाळी लवकर भरा. भरताना गॅस तापतो, तापलेल्या गॅसचं प्रेशर लवकर २०० ला पोचतं आणि टाकीत वजनाने कमी बसतो. दुपारी ७ किलो घेणारी टाकी पहाटे साडेसात-आठ घेते. भरताना इंजिन बंद ठेवून सगळ्यांनी खाली उतरायचं, यात सवलत नाही.

गॅसचा वास आला तर गाडी बाजूला घ्या, चावी बंद करा, दारं उघडा आणि टाकीवरचा हाताचा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करा. सीएनजी हवेपेक्षा हलका असल्याने दारं उघडी असली की वर निघून जातो. हा व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दाखवा.

काय बिघडतं आणि का

पेट्रोलवरून गॅसवर जाताना झटका बसत असेल तर रिड्युसर पुरेसा तापायच्या आधीच बदल होतोय. बदलाचं तापमान ४० अंशांच्या आसपास सेट करून घ्या. ॲव्हरेज अचानक पडलं तर क्रमाने बघा: एअर फिल्टर, लो प्रेशर गॅस फिल्टर, मग गळती, मग रिड्युसरचा पडदा. गॅस फिल्टर १५ ते २० हजार किलोमीटरला बदलायचा. पंपाच्या कॉम्प्रेसरचं थोडं तेल गॅसबरोबर येतं आणि इथेच साठतं, ते पुढे गेलं तर इंजेक्टर चिकटतात. इनटेकमध्ये बार होत असेल तर आधी प्लग आणि कॉइल, मगच ट्युनिंग. थंड इंजिन सकाळी थरथरत असेल आणि कॉम्प्रेशन उतरलं असेल तर टॅपेट तपासा. तसंही दर २० हजारांना ते तपासायचंच आहे.

टाकीची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी. टाकी काढून पाण्याच्या दाबाने तपासतात. तारीख उलटलेल्या गाडीला पंपावर गॅस नाकारतात आणि ते योग्यच आहे. टेस्टिंगला टाकी बाहेरगावी पाठवावी लागली तर काही दिवस जातात, म्हणून तारखेच्या महिनाभर आधी चौकशी करा.

घरगुती गॅस गाडीत भरू नका

ओम्नी आणि रिक्षात घरगुती सिलिंडरमधून मोटरने गॅस भरायचा धंदा आपल्या भागात चालतो. जळगावात २०२४ मध्ये अशीच गॅस भरताना गाडी पेटली आणि माणसं होरपळली. यात कायद्याच्या भीतीपेक्षा मोठं कारण आहे. ऑटो एलपीजीची टाकी ८० टक्क्यांवर आपोआप बंद होते, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. मोटरने भरताना ही मर्यादा पाळायला कुणी नसतं. काठोकाठ भरलेली टाकी मेच्या उन्हात उभी राहिली की आतल्या द्रवाला फुगायला जागाच उरत नाही. एलपीजी हवेपेक्षा जडही आहे. गळालेला गॅस जमिनीवर पसरतो, नालीत उतरतो आणि चार घरं सोडून पेटलेल्या शेगडीपाशी पोचतो.

हायवेवर डिझेलपेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळणारं ‘बायोडिझेल’ही घेऊ नका. आपल्या डिझेलच्या मानकात बायोडिझेल ७ टक्क्यांपर्यंतच चालतं. टँकरमधून विकलं जाणारं बहुतेकदा दुसरंच तेल असतं, आणि त्याने कॉमन रेल इंजेक्टर बसले की बिल हजारोंत जातं.

ई-२० बद्दल थोडक्यात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी, त्यामुळे मिश्रणात ६-७ टक्के ऊर्जा कमी येते. जुन्या गाडीचे रबरी होज, ओ-रिंग आणि कार्ब्युरेटरचे सील बघून घ्या. इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा. अर्ध्या टाकीत दमट हवा शिरते आणि पाणी तळाला बसतं.

दुचाकी असेल तर

गावात रोज ३०-४० किलोमीटर फिरणाऱ्याला इलेक्ट्रिक स्कूटरइतकी बचत दुसऱ्या कशातच नाही. १०० किलोमीटरला भिंतीतून साधारण ४ युनिट लागतात. युनिटला १० रुपये धरले तरी ४० रुपये. लिटरला ४५ देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला त्याच अंतराला २३० रुपयांवर लागतात.

घेताना बॅटरी एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाची आहे का ते विचारा. आगींच्या घटनांनंतर हे मानक २०२२ मध्ये कडक झालं. पर्याय असेल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घ्या, उष्णता ते जास्त सोसतात. नोंदणी लागत नाही म्हणून विकली जाणारी गाडी ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॉटच्या आतली असली पाहिजे. वायर तोडून वेग वाढवून दिलेली गाडी घेऊ नका. तिला ना विमा मिळतो ना अपघातात कुणी पाठीशी उभं राहतं.

चार्जिंगसाठी १६ अँपिअरचा वेगळा सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून घ्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता. फिरून आल्यावर बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्या, मगच प्लग लावा. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्ज करू नका, रात्री उशिरा किंवा पहाटे करा. मळ्यात राहणाऱ्यांनी शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नये. शेतीच्या दराची वीज दुसऱ्या कामाला वापरली की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली महावितरण दंडाचं बिल लावू शकतं. मळ्यातल्या घरासाठी वेगळं घरगुती मीटर घ्या.